डावीकडून शिट्टी

चौकशीच्या खिडकीला बारीक जाळी होती आणि जाळीखाली कागद सरकवायला वीतभर फट. गेली दोन वर्षं याकोब आढावला दौंड जंक्शनवरची माणसं दिसायची ती त्या फटीतून, म्हणजे बहुतेक हातच: कुरकुंभच्या कंपनीतून पाळी संपवून आलेले, नखांत रंग बसलेले हात, बांगड्यांचे हात, तंबाखू मळता मळता 'सोलापूर टायमावर हाय का' विचारणारे हात. हातावरून माणूस ओळखायचा त्याला नादच लागला होता. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फटीत हात आला नाही, कान आला. कुणीतरी मुलाला कडेवर घेऊन दिल्लीच्या गाडीची चौकशी करत होतं आणि ते मूल कंटाळून कट्ट्याच्या गार फरशीवर गाल टेकून पडलं होतं, एवढंच. पण तो डावा कान पुरा झालेला नव्हता. करंजीची कड मुरडावी तसा वरपासून आत मुरडलेला, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि भोक असायला हवं तिथं नुसती मऊ कातडी. याकोबच्या हातातली पेन्सिल हातातच राहिली. असा कान त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता, चार वर्षांपूर्वी, शिरूरला. पाहिला होता म्हणणंही कमीच; तो कान त्यानं बोटानं चाचपला होता आणि नंतर एका छापील कागदावर त्या कानाच्या विरुद्ध सही केली होती. "गाडी चार तास लेट आहे," त्यानं जाळीतून इंग्रजीत सांगितलं. बाईनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलं नसतानाही सांगितलं.

मग त्यानं जाळीला डोळा लावून पाहिलं. उन्हानं भाजून लाल झालेला एक उंच गोरा पुरुष, दोन्ही खांद्यांवर पिशव्या. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, बॅगेवर बसून डोळे मिटलेली. आणि ती बाई, जिच्या कडेवर मूल होतं. कडेवर घ्यायची तिची रीत नवशिकी होती. मूल कमरेवर न बसवता तिनं ते पोत्यासारखं पोटाशी धरलं होतं. मुलाच्या अंगात फेब्रुवारीच्या उन्हातसुद्धा नवा कोरा लोकरी स्वेटर. शिरूरहून जीपनं आलो, जीप परत गेली, असं तो पुरुष सांगत होता. आता शंकेला जागाच उरली नाही. "पलीकडच्या फलाटावर अगदी टोकाला जाऊन बसा," याकोब म्हणाला. "तिथं सावली आहे." सावली इथंही होती. खरं कारण असं होतं की बरोबर एक वाजता त्याची बायको ग्लॅडिस रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमधून डबा घेऊन या खिडकीशी येणार होती. दोन वर्षांत तिचा एक वाजता कधी चुकला नव्हता. बालवाडीची पोरं साडेबाराला सुटली की ती घरी जाऊन भाकरी टाकायची, गरम गरम बांधायची, आणि पूल उतरून यायची. आणि तो कान ग्लॅडिसनं पाहिला तर तीसुद्धा पेरभर अंतरावरून नाही, पुलावरून ओळखील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चार तास उशीर म्हणजे गाडी दीडच्या पुढं. तोवर ती माणसं टोकाला बसली तर निभावून जाईल. त्यानं पेन्सिल उचलली आणि तक्त्यावरच्या एका आकड्याखाली उगीचच दोनदा रेघ ओढली.

लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मिरजेपर्यंतचे डॉक्टर झाले, औषधं झाली, चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी गुडघे टेकून केलेल्या प्रार्थना झाल्या, आणि एका रविवारी उपासनेहून परतताना ग्लॅडिस म्हणाली होती, "अहो, आपण शिरूरच्या त्या अनाथ पोरांच्या संस्थेत जाऊन तरी बघू. बघायला काय जातंय?" बघायला काय जातं ते तिला त्या दिवशी कळलं. दौंडहून शिरूर म्हणजे एसटीनं दोन तास. संस्थेच्या व्हरांड्यात भागुबाई नावाच्या दाईनं दहा महिन्यांचं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि ग्लॅडिसचा चेहरा असा काही झाला की याकोबला आपण तिथं आगंतुक आहोत असं वाटलं. संस्थेनं त्याचं नाव सम्राट ठेवलं होतं. भागुबाई म्हणाली, "बाई, ह्याचा ह्यो एक कान न्हाई बघा. पयलंच सांगते, मागनं बोल नगं." ग्लॅडिसनं तो कान पाहिला, त्यावर ओठ टेकवले आणि हसून याकोबकडे बघत म्हणाली, "एका कानानं ऐकंल की. हे आमचे दोन कान घेऊन फिरत्यात, ह्यांना तरी कुठं ऐकू येतं?" भागुबाई तोंडाला पदर लावून हसली. तोही हसला होता. येताना एसटीत ग्लॅडिस नुसता उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती, पोराचं वजन अजून त्या हातावर असल्यासारखी.

याकोब तेव्हा गार्ड होता, मालगाडीचा. गार्डाच्या डब्यातून मागं सरकत जाणारी दुनिया बघायची आणि कुणी गाडीखाली आलं की उतरून मेमो भरायचा, ही नोकरी. बावीस वर्षांत असे सात मेमो त्यानं भरले होते आणि त्यातल्या तिघांच्या पुढं 'शिट्टी ऐकू आली नसावी' असं लिहिलं होतं. हे वाक्य त्याला झोपेतही लिहिता आलं असतं. त्यांची क्वार्टर रुळांपासून साठ पावलांवर. तिथली पोरं चालायला लागली की पहिली रुळाकडंच पळतात. तेव्हा भीती होती हे खरंच होतं, ते काही त्यानं मागाहून रचलेलं नाही. पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं आणि तिथं हात घालायला त्याला अजून नको वाटे. त्याची आई, साखरबाई, तेव्हा हयात होती. खाटेवरून ती म्हणाली होती, "घ्यायचंच तर धडधाकट घ्या. इकतचं दुखणं कशाला घेता?" कॉलनीत सगळ्यांची नोकरी फिट आणि अनफिटच्या शिक्क्यावर चालायची. याकोबनं पोर आणलं, आणलं तेही कानफाटकं, असं गार्ड-ड्रायव्हरांच्या रनिंग रूममध्ये बसून चार माणसं म्हणतील, हे वाक्य त्याच्या कानात कुणी न म्हणताच वाजत होतं. भीतीला नाव ठेवता येत नाही म्हणून त्यानं लाज भीतीच्या पोटात लपवली. एवढं त्याला आता, खिडकीत बसल्या बसल्या, स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्यांदा तो एकटाच गेला, ड्यूटी उतरून, युनिफॉर्मवरच. ग्लॅडिसला सांगितलं, कागदांचं बघून येतो. खोलीत पोर जमिनीवर बसून वाटीत चमचा आपटत होतं. बाजूला कुणी नाही असं बघून तो त्याच्या पाठीमागं गेला, डाव्या अंगाला, खिशातून गार्डाची शिट्टी काढली आणि वाजवली. पूर्ण जोरानं नाही, पण कुणीही दचकावं इतकी. पोराचा चमचा थांबला. त्यानं मान वळवली, पण याकोबकडं नाही. तो उजवीकडं, खिडकीकडं बघत राहिला, जिथं काहीच नव्हतं, नुसतं ऊन आणि वाळत घातलेली दुपटी. याकोबनं मनाशी म्हटलं, संपलं. ह्याला ऐकू येत नाही, हा आपला खिडकीकडं बघतोय. शिट्टी खिशात टाकून तो ऑफिसात गेला. छापील कागद होता: मूल पाहिले, खालील कारणास्तव स्वीकारण्यास नकार. कारणाच्या रेघेवर त्यानं मेमोच्याच अक्षरात लिहिलं, 'कानाने ऐकू येत नाही.' खाली सह्यांच्या दोन जागा होत्या. टेबलामागचा कारकून दुसऱ्याच फायलीत डोकं घालून बसला होता. याकोबनं आपली सही केली, मग तेच पेन जरा तिरकं धरून ग्लॅडिसची केली.

घरी आल्यावर सांगायला कारण हवं होतं, आणि ते त्याला एसटीतच सापडलं होतं, तेही निम्मं खरं. तेव्हाच्या कायद्यानं हिंदू, बौद्ध, जैन माणसाला मूल दत्तक घेता यायचं. ख्रिस्ती माणसाला नाही. ख्रिस्ती माणसाला कोर्ट फार तर त्या मुलाचा पालक नेमायचं, जुन्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानं. मंडळीतल्या दोन कुटुंबांनी तशी मुलं वाढवलीही होती, दूर नगरकडं. पण ग्लॅडिसला हे माहीत असायचं कारण नव्हतं. "आपल्या लोकांना न्हाई देत," तो जेवायला बसत म्हणाला होता. "कायदाच हाय तसा. कोर्टात उभंसुदिक करीत न्हाईत." ग्लॅडिसचा हात परातीत होता. ती तशीच थांबली, आणि मग पीठ मळत राहिली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. नंतर ती एकदाच म्हणाली, "प्रभूच्या लेकरांनाच न्हाई म्हणत्यात व्हय?" पुढं तिनं बालवाडीची नोकरी धरली, आणि कायद्यावरचा तिचा राग तेवढा वर्षानुवर्षं ताजा राहिला. निवडणुकीला मत मागायला आलेल्या माणसालासुद्धा ती तो कायदा विचारायची. ती कायद्याशी भांडत होती आणि कायदा तिच्यासमोर पाटावर बसून भाकरी खात होता.

साडेअकराला खिडकी मारुतरावांच्या हवाली करून तो उठला. मारुतराव शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला आलेले. "कुठं चालला, आढाव?" "जरा पाय मोकळे करून येतो." आपण पोराला बघायला चाललोय की ती माणसं टोकालाच बसलीत ना याची खात्री करायला, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही. पूल चढून तो पलीकडं उतरला. तो पुरुष पिशव्यांवर डोकं टेकून उघड्या तोंडानं झोपला होता. मुलगी वहीत काहीतरी काढत होती. बाई मुलासमोर उकिडवी बसली होती, हातात एक चिटुकली वही, आणि वहीतून वाचून एकेक शब्द म्हणत होती: "पाणी? भूक? शी? दुखतंय?" शेवटच्या शब्दाशी ती थांबायची आणि मुलाचं तोंड निरखायची. मूल तिच्याकडं बघत होतं पण बोलत नव्हतं. याकोबला पाहून बाई उठली. दौंडच्या स्टेशनात इंग्रजी बोलणारा एक माणूस सापडल्याचं तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्याला सगळंच सांगून टाकलं, भरलेली घागर कलंडावी तसं. तिचं नाव इंगेर. नॉर्वेमधल्या एका बंदराच्या गावी ती शाळेत शिकवायची, नवरा ओलाव बोटी दुरुस्त करायचा. ही मुलगी झाल्यावर पुन्हा मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. नाव नोंदवून तीन वर्षं वाट पाहिली. मागच्या पावसाळ्यात पहिल्यांदा आले, चार विमानं, एक रेल्वे, एक जीप. पुण्याच्या कोर्टात तारीख पडली, पुन्हा पडली, वकिलांचा संप झाला, मुलीला कावीळ झाली, रजा संपली, आणि रिकाम्या हातानं परत गेले. विमानतळावर मुलगी विचारत होती, भाऊ कुठंय. आता दुसऱ्यांदा आले त्याला सात आठवडे झाले. शिरूरच्या लॉजमध्ये राहिले, डाळभात खाल्ला. गेल्या सोमवारी कोर्टानं हो म्हटलं. आता दिल्लीला वकिलातीत व्हिसा, तीस तासांचा प्रवास, आणि मग घर. "आता आम्ही दिवस मोजत नाही," ती म्हणाली. "मोजले की जास्त दमायला होतं."

याकोब ऐकत होता, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: दौंड ते शिरूर, एसटीनं दोन तास. "कोर्टानं तुम्हाला दत्तक दिलं?" त्यानं विचारलं. "नाही नाही, इथं फक्त पालक म्हणून," इंगेर म्हणाली. "तुमच्या देशात ख्रिस्ती लोकांना तसंच असतं, वकील सांगत होते. इथले असोत की आमच्यासारखे बाहेरचे. पण एकदा पालक झालं की झालं. मूल घरी तर येतं ना." तेवढ्यात मूल फलाटाच्या कडेकडं दोन पावलं सरकलं. याकोबचा हात आपोआप पुढं झाला. इंगेर मात्र ओरडली नाही, धावली नाही. ती मुलाच्या मागून, डावीकडून, साध्या आवाजात म्हणाली, "सम्राट." मुलानं लगेच मान वळवली, उजवीकडं, जिथं कुणी नव्हतं, रिकामा बाक होता. इंगेर थांबली. नुसती थांबली, दोन श्वास, तीन श्वास. मुलानं बाक पाहिला, खांब पाहिला, आणि मग सावकाश उलटा फिरून तिच्याकडं आला. "तो ऐकतो," ती म्हणाली. "एका कानानं छान ऐकतो. पण आवाज कुठून आला ते त्याला कळत नाही, म्हणून आधी नेहमी चुकीच्या बाजूला बघतो. पहिल्या दिवशी मीही घाबरले होते. थांबायचं फक्त. तो शोधतो, मग त्याला सापडतं." याकोब बाकावर बसला. शिट्टी वाजली तेव्हा चमचा थांबला होता. चमचा थांबला होता, हे त्याला चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

इंगेर अजून बोलत होती. नियम असा आहे, ती सांगत होती, की मूल परदेशी जायच्या आधी इथल्या कुटुंबांना दाखवायचं, आणि त्यांनी नाकारलं तरच पुढं जायचं. तिघांनी याला नाकारलं. ते तिन्ही कागद फायलीत आहेत. "लोक मला म्हणतात, तुला त्यांचा राग येत नाही? मला नाही येत. त्यांनी नाही म्हटलं म्हणून तो माझा झाला. मी रोज रात्री त्या तिघांसाठी प्रार्थना करते. कोण असतील कुणास ठाऊक. भेटले तर हात हातात घेऊन आभार मानीन." याकोब उठला. गाडीची बातमी बघून येतो म्हणाला आणि पूल चढू लागला, आणि पुलाच्या मध्यावर कठड्याला धरून उभा राहिला. खालून डब्यांचं शंटिंग चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या डॉक्टरनं त्याच्यासमोर ठिपक्यांची पुस्तकं धरली होती. लाल-हिरव्या ठिपक्यांत आकडा लपलेला असतो; त्याला तो दिसला नाही. डॉक्टरनं घाई केली नव्हती. पुन्हा बघा म्हणाला, उजेडाकडं घेऊन बघा, बाहेर बसा, पाणी प्या, परत या. तीन दिवस तपासलं. मग अनफिटचा शिक्का बसला. झेंडे गेले, दिवा गेला, शिट्टी कुणी मागितली नाही म्हणून ड्रॉवरमध्ये राहिली. पण घरी नाही बसवलं. ह्या माणसाला बसून करण्यासारखं काम द्यावं, असा कागद निघाला आणि त्याला खिडकी मिळाली, खुर्ची मिळाली. एका आंधळ्या ठिपक्यासाठी सरकारनं त्याला तीन दिवस दिले होते. त्यानं त्या पोराला एक शिट्टी दिली होती.

एकला पाच मिनिटं कमी असताना तो परत जागेवर होता. गाडीची खबर आली होती, नगरला जाणारं इंजिन तयार ठेवा असा निरोपही आला होता. दिल्लीची गाडी पुण्याकडून यायची आणि दौंडला तिचं तोंड फिरायचं. पुढचं इंजिन सोडून मागच्या टोकाला नवं लावायचं, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं सहज. ती माणसं टोकाला होती. ग्लॅडिस इथं येईल, डबा ठेवील, पाच मिनिटं उभी राहील, जाईल. काहीसुद्धा करायची गरज नव्हती, आणि ह्या काहीसुद्धा न करण्याची त्याला इतकी सवय होती की ते काम त्याच्या हातून अगदी नीट झालं असतं. फटीतून डबा आला. मागून ग्लॅडिसचा हात, तव्याचा जुना चटका असलेला. "मेथी हाय. आन् ठेचा वेगळा बांधलाय, समदा एकदम खाऊ नका." त्यानं डब्यावर नुसता हात ठेवला. "तोंड का असं? परत प्रेशर वाढलं का?" तिनं जाळीतून वाकून पाहिलं. "न्हाई." "मग जाते मी. चित्रं कापायची हायेत पोरांची." पाठ वळली. पदराचं टोक फटीसमोरून सरकलं. "ग्लॅडिस," तो म्हणाला, "थांब."

तो बाहेर आला. स्टेशनच्या भिंतीला टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यानं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. शिरूरचं पोर पलीकडच्या फलाटावर आहे. परदेशी लोक घेऊन चाललेत. आपल्या लोकांना कोर्ट देत नाही हे खोटं होतं. दत्तक म्हणून देत नाही, पालक म्हणून देतं. "मी शिट्टी वाजवून बघितली. त्यानं खिडकीकडं बघितलं. मला वाटलं भैरा हाय. मीच नगं म्हणून लिवून दिलं." सहीचं सांगायचं राहिलं, की जीभ वळली नाही. ग्लॅडिस ऐकताना त्याच्याकडं बघत नव्हती, त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडं बघत होती. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "कुठल्या टोकाला?" आणि फटीतून डबा परत ओढून घेऊन ती पूल चढली. तो मागून गेला, दहा पावलं ठेवून.

ती मुलासमोर जमिनीवरच बसली. इंगेरला तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी लहान मुलांची शिक्षिका, इथली. मग ती मुलाच्या उजव्या अंगाला सरकली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "काय रं राजा, भूक लागली व्हय?" मुलानं तिच्याकडं वळून पाहिलं, आणि सकाळपासून मिटलेलं तोंड उघडलं. "भागूमावशी कुठं हाय?" "भागूमावशी घरी हाय. तुला सांगितलंय तिनं, जेवून घे म्हणून." "गाडीत बसायचंय मला." "बसायचं की. पोट भरून बसायचं." तिनं भाकरी कुस्करली, मेथीचं पाणी घातलं, घास केला, आणि ते पोर भुकेल्या वासरासारखं खायला लागलं. इंगेर तोंडावर हात ठेवून बघत होती. दोन दिवस त्यानं बिस्किटाखेरीज काही खाल्लं नव्हतं. मग तिनं वही पुढं केली आणि ग्लॅडिसनं तीत नवे शब्द लिहून दिले, इंग्रजी अक्षरांत: कुस्करून देऊ का, झोप आली का, मी इथंच आहे. हे शेवटचं वाक्य तिनं इंगेरकडून चारदा म्हणवून घेतला. याकोब खांबाशी उभा होता. कुणी त्याला बोलावलं नाही. आणि मग इंगेरनं फाईल काढली. लहानपणचे फोटो दाखवले, कोर्टाचा कागद दाखवला, आणि शेवटी म्हणाली, हे तीन कागद मराठीत आहेत, हातानं लिहिलेलं आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही, तुम्ही सांगाल? काय लिहिलंय त्यांनी?

ग्लॅडिसनं पहिला कागद वाचून सांगितला: त्यांना मुलगी हवी होती. दुसरा: रंग काळा वाटला. तिसरा तिनं हातात धरला तो धरलाच. याकोबला दहा पावलांवरून तो कागद दिसत होता आणि त्यावरच्या दोन्ही सह्या न दिसताही दिसत होत्या. इंजिनाची शिट्टी झाली, गाडी फलाटात शिरली, हमाल उठले, ओलाव दचकून जागा झाला, तरी ती वाचत होती. एवढ्या वेळात माणूस एक धडा वाचून काढील. "यात काय आहे?" इंगेरनं विचारलं. ग्लॅडिसनं कागद होता तसाच फायलीत परत ठेवला. "यात लिहिलंय, ते घाबरले," ती म्हणाली. इंगेरनं मान हलवली. "बिचारे," ती म्हणाली.

पुढची वीस मिनिटं सामान चढवण्यात गेली. याकोबनं बॅगा उचलल्या, त्यांचा आरक्षित डबा शोधून दिला, बर्थ दाखवले. गार्डाच्या नोकरीतली माणसं हे न सांगता करतात. ओलावनं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मूल खिडकीशी बसलं, मांडीवर पितळी डबा, झाकण उघडं. इंजिन त्या टोकाला लागल्याचा धक्का डब्याडब्यातून आला. ग्लॅडिस खिडकीपासून चार पावलं मागं, फलाटावर उभी होती, मुलाच्या डाव्या बाजूला. गार्डाची शिट्टी झाली. मुलानं मान वळवली, आत, डब्याच्या दुसऱ्या खिडकीकडं, जिथं नुसतं ऊन होतं. गाडी हलली. ग्लॅडिसनं हात वर केला नाही, हाक मारली नाही, गाडीबरोबर चाललीही नाही. ती थांबली. डबा खांबाच्या पुढं गेला, पाण्याच्या नळाच्या पुढं गेला, आणि मग त्या खिडकीत एक तोंड उलटं फिरलं आणि तिला शोधत बाहेर आलं. तेव्हा तिनं हात वर केला. नगरच्या वळणाला शेवटचा डबा जाईतो तो हात वरच होता.

फलाट रिकामा झाला. याकोब तिच्याजवळ गेला. तीच बोलली, रुळांकडं बघत. "माझी सही चांगली केलीत. ग्लॅडिसमधला 'ड' मी असाच काढते." त्याचीही नजर रुळांवर गेली. "मी त्या कायद्याला शिव्या घालीत बसले," ती म्हणाली. "चार वर्सं. तुमच्या ताटात वाढता वाढता." आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. तिनं पदरानं हात पुसले, मेथीचे हिरवे डाग पदराला लागले. "डबा त्याला दिला. तुम्ही कायतरी खाऊन घ्या." आणि ती पुलाकडं चालू लागली. ती अर्धा जिना चढल्यावर त्यानं हाक मारली. "ग्लॅडिस." फलाटावर दुसरा आवाज नव्हता, आणि तिला दोन्ही कानांनी चांगलं ऐकू येत होतं. तिचं पाऊल एका पायरीवर थांबलं, पण मान वळली नाही. पुन्हा हाक मारावी असं त्याला फार वाटलं. पलीकडं मारुतराव खिडकीतून हात करून बोलावत होते, सोलापूरच्या गाडीची वेळ झाली होती. याकोब जिन्याच्या खाली उभा राहिला आणि थांबला.